सहा दिवसांत पाच सामने जिंकणारं सवानी: एसईसी सोडली ते बरोबर केलं का?

नीरजा_टेनेसी

नमस्कार मंडळी. इथे कॉलेज फुटबॉल (ते लांबट चेंडूचं, अमेरिकन) बघणारे बरेच जण आहेत आणि दर शनिवारी अलाबामा, जॉर्जिया, टेक्सास यांच्यावर धागे वाहत असतात म्हणून मुद्दाम एका छोट्या कॉलेजाबद्दल लिहितेय. नॅशव्हिलहून चॅटनूगाला जाताना आय-२४ वर माँटईगलचा मोठा घाट लागतो, तो चढून गेलं की थोडं आत कंबरलँड पठारावर सवानी नावाचं गाव आहे. तिथलं कॉलेज म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ, पण सगळे सवानीच म्हणतात. एपिस्कोपल चर्चचं कॉलेज, १३ हजार एकर जागा, त्यातलं बहुतेक जंगल.

तर १८९९ साली या कॉलेजच्या टीमनं जे केलं ते पुन्हा कुणाला जमलं नाही आणि जमणारही नाही. नोव्हेंबर महिना. ९ तारखेला ऑस्टिनमध्ये टेक्सासला १२-० हरवलं, १० ला ह्यूस्टनमध्ये टेक्सास ए अँड एमला १०-०, ११ ला न्यू ऑर्लिन्समध्ये टुलेनला २३-०, १२ ला रविवार, सुट्टी, चर्चचं कॉलेज म्हटल्यावर रविवारी खेळणार थोडेच, मग १३ ला बॅटन रूजमध्ये एलएसयूला (लुईझियाना स्टेट) ३४-० आणि १४ ला मेम्फिसमध्ये ओल मिसला (मिसिसिपी विद्यापीठ) १२-०. सहा दिवस, पाच सामने, समोरच्यांना सगळ्यांना मिळून एकही गुण नाही. हे सगळं रेल्वेनं, अंदाजे अडीच हजार मैल, आणि नेलेली पोरं फक्त २१. पूर्ण सीझन १२ पैकी १२ जिंकले, ३२२ गुण केले आणि फक्त १० दिले, तेही एकाच सामन्यात.

पुढे १९३२ च्या डिसेंबरमध्ये एसईसी म्हणजे साउथईस्टर्न कॉन्फरन्स (आपसांत सामने खेळणाऱ्या कॉलेजांचा गट) स्थापन झाली तेव्हा १३ संस्थापकांत सवानी होतं. आणि तिथे आठ सीझनमध्ये कॉन्फरन्सचे ३७ सामने खेळून एकही जिंकलं नाही. ० विजय, ३७ पराभव. १९४० चा सीझन संपला आणि त्यांनी एसईसी सोडली, स्पोर्ट्स स्कॉलरशिप बंद केल्या. आज ते डिव्हिजन तीनमध्ये, म्हणजे खेळासाठी स्कॉलरशिप न देणाऱ्या कॉलेजांच्या गटात खेळतात.

माझा प्रश्न असा की हे सोडणं म्हणजे पळून जाणं होतं की शहाणपण? माझं मत आधीच सांगते, मला तो त्यांच्या फुटबॉलच्या इतिहासातला सगळ्यात चांगला निर्णय वाटतो, १८९९ पेक्षाही. पण इथे माझ्याशी भांडणारे येणार याची खात्री आहे, या.

भुंगा

पहिला! जागा धरून ठेवतो. वाचून येतो.

ह्यूस्टनकर

भांडायला हजर आहे ताई. मी ए अँड एमवाला, त्यामुळे १०-० वाचून आधीच पोटात दुखलं.

हे बघा, एसईसी आज प्रत्येक मेंबर कॉलेजला वर्षाला ५ कोटी डॉलरच्या वर वाटते. तुम्ही तो टेबलावरचा संस्थापकाचा मान स्वतःहून सोडून दिलात. हरत होते हे मान्य, पण एसईसीतलं व्हँडरबिल्टसुद्धा किती दशकं मार खात होतं, ते टिकून राहिलं ना? आज त्यांच्या स्टेडियमवर मोठमोठ्या टीम येतात, टीव्हीवर दिसतात. सवानी कुणाला माहितीय? तुम्ही धागा काढला नसता तर इथल्या निम्म्या लोकांनी नाव ऐकलं नसतं.

अण्णा सातारकर

नीरजा, छान विषय काढलास. मी फुटबॉल यातलं काही जाणत नाही, पण आयुष्यभर शाळेत पीटी शिकवली आणि कबड्डीच्या टीम घेऊन गावोगाव फिरलो. एका रात्रीत तीन-तीन सामने पोरं खेळायची, गुडघे सोलवटलेले, सकाळच्या एसटीनं परत. त्यामुळे सहा दिवसांत पाच हे ऐकून मला आधी हेच विचारावंसं वाटलं की बदली खेळाडू किती आणि दुखापतींचं काय केलं? २१ पोरांत अकराच्या दोन टीमही पुऱ्या होत नाहीत.

नीरजा_टेनेसी

अण्णा, तुम्ही बरोबर नस पकडलीत. तेव्हाचे नियम असे की एकदा खेळाडू बाहेर गेला की परत आत यायचं नाही. त्यामुळे मुख्य अकराच जण जवळजवळ सगळा वेळ खेळायचे, बचावही तेच आणि आक्रमणही तेच. ३५-३५ मिनिटांचे दोन भाग. हेल्मेटची सक्ती नाही. पुढे फेकायचा पास नाही, तो १९०६ ला आला. म्हणजे सगळा खेळ घोळक्यात घुसून ढकलाढकलीचा. तीन प्रयत्नांत पाच यार्ड काढायचे, नाही जमलं की चेंडू समोरच्याला. टचडाउनचे (चेंडू समोरच्याच्या शेवटच्या रेषेपार नेण्याचे) गुणही पाच होते, सहा नव्हे, नंतरच्या किकचा एक. १२-० म्हणजे दोन टचडाउन आणि दोन किक.

कोकणी_मेवा

मग टुलेनच्या २३ चा हिशेब लागतो का? चार टचडाउन २० आणि तीन किक. लागला! आता झोपतो.

रुळावरून

मला यातला रेल्वेचा भाग सांगू दे कुणीतरी, नाहीतर मीच सांगतो.

सवानीला रेल्वे होती ती कोळशासाठी टाकलेली. खाली कावन नावाच्या गावी मेन लाइन, तिथून डोंगरावर फाटा चढायचा सवानीमार्गे ट्रेसी सिटीच्या खाणींकडे. लोक त्या लाइनला माउंटन गोट म्हणायचे, डोंगरी बोकड, चढच तसला. ती लाइन १९८५ ला बंद झाली, रूळ उखडले आणि आता त्याच वाटेवर चालायला-सायकलला माउंटन गोट ट्रेल केलाय, मी चाललोय, अतिशय सुंदर आहे, पानगळीत जा.

तर टीम या बोकडावरून उतरून मेन लाइनला लागली आणि थेट टेक्सास. नकाशा काढून बघा. ऑस्टिन ते ह्यूस्टन ठीक आहे, जवळ आहे. पण ह्यूस्टनला दुपारी खेळून दुसऱ्या दिवशी न्यू ऑर्लिन्सला मैदानावर उभं राहायचं, हे साडेतीनशे मैल, वाफेचं इंजिन, रात्रभर. आणि बॅटन रूजला १३ तारखेला खेळून १४ ला मेम्फिस, ते त्याहून लांब. अंग मोडून आलेल्या माणसाला हलत्या डब्यात झोप कसली लागणार. मला विचाराल तर सामन्यांपेक्षा हे वेळापत्रक जमवणारा माणूस खरा हिरो. एक गाडी चुकली असती तर सगळं कोसळलं असतं.

नीरजा_टेनेसी

@रुळावरून, अगदी. तो माणूस ल्यूक ली. टीमचा मॅनेजर, स्वतः विद्यार्थी, वय २० च्या आसपास. आणि हा दौरा काढला कशासाठी? पैशासाठी! व्हँडरबिल्टबरोबरच्या सामन्यातून चांगला गल्ला जमायचा, त्या वर्षी तिकिटाच्या पैशाच्या वाटणीवरून भांडण झालं आणि सामनाच रद्द. मग लीनं ठरवलं की एका खेपेत जमतील तेवढे सामने खेळायचे म्हणजे खर्च भागेल. कोच होता बिली सूटर, कॅप्टन डिडी सीबल्स.

एक किस्सा सवानीत अजून सांगतात की निघताना खेळाडूंचे बूट फलाटावरच राहिले, तार करून मागच्या गाडीनं मागवले. आणि डोंगरावरच्या झऱ्याचं पाणी पिंपात भरून बरोबर नेलं होतं, बाहेरचं पाणी बाधू नये म्हणून.

विसूभाऊ

पाणी बरोबर नेलं हे वाचून एकदम आपलेपणा वाटला. आमची आजी पंढरपूरला जाताना घरचं पाणी न्यायची.

कऱ्हाडची_लेक

ल्यूक ली म्हणजे तोच ना जर्मनीच्या कैसरला, म्हणजे सम्राटाला, पळवायला गेलेला?? मी पहिल्या महायुद्धाबद्दल वाचताना हे नाव आलं होतं.

नीरजा_टेनेसी

तोच! अवांतर होतंय पण सांगतेच. या पोरानं पुढे १९०७ मध्ये नॅशव्हिलला टेनेसियन हे वर्तमानपत्र काढलं, मग अमेरिकेचा सिनेटर झाला, मग महायुद्धात तोफखान्याचा कर्नल. युद्ध संपल्यावर जर्मनीचा कैसर हॉलंडला पळून आमेरोंगनच्या गढीत राहिला होता. १९१९ च्या जानेवारीत ली आपली काही माणसं घेऊन गाडीनं थेट त्या गढीत शिरला, कैसरला पकडून पॅरिसला न्यायचा बेत. आत बसवलं, बोलणी झाली, तेवढ्यात डच सैनिकांनी बाहेर वेढा टाकला आणि रिकाम्या हातानं यावं लागलं. अगदी रिकाम्या नाही, त्यांच्यातल्या एकानं कैसरचा ॲश ट्रे उचलून आणला. पुढे १९३० च्या दशकात एका बँकेच्या प्रकरणात लीला तुरुंगवासही झाला, मग माफी मिळाली. एका माणसाच्या आयुष्यात किती ते.

भुंगा

वाचून आलो. धागा फुटबॉलवरून कैसरच्या ॲश ट्रेवर गेलेला आहे. पसंत आहे, चालू दे.

हाडवैद्य

मी फिजिओथेरपिस्ट आहे, शिकागोत. या सगळ्या शौर्यकथांमध्ये एक गोष्ट लोक सोडून देतात ती सांगतो. त्या टीमचा फुलबॅक ऑर्मंड सिम्किन्स, अतिशय नावाजलेला खेळाडू, गुडघ्याला पट्टा बांधून खेळायचा. त्याचे पुढे दोन्ही पाय कापावे लागले, फुटबॉलमध्ये झालेल्या दुखापतींमुळे. चाळिशी ओलांडता ओलांडता गेला. त्याला त्या काळी आयर्न मॅन म्हणायचे, टीमलाच आयर्न मेन म्हणतात अजून. लोखंडाचं कुणी नसतं हो. माझ्याकडे हायस्कूलची मुलं येतात, १६-१७ वर्षांची, गुडघ्यातला फाटलेला एसीएल हा अस्थिबंध घेऊन, आणि पहिला प्रश्न काय तर परत कधी खेळू शकेन. आईबाप बाजूला उभे, त्यांचाही तोच प्रश्न.

आणि हे फक्त सवानीचं नव्हतं. त्या काळात या खेळात इतकी मुलं मरत होती की १९०५ मध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्टनी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं की खेळ सुधारा. त्यातून कॉलेजांची संघटना उभी राहिली तीच आजची एनसीएए. म्हणून १८९९ चा विक्रम पुन्हा होणार नाही हे नीरजा म्हणतेय ते खरं आहे, आणि मी म्हणतो होऊच नये.

अण्णा सातारकर

हाडवैद्यांना अनुमोदन. खेळाडूचं शरीर हे शिक्षकाकडे ठेव म्हणून दिलेलं असतं. माझ्या हाताखालच्या एका पोराचा खांदा निखळलेला असताना त्यानंच हट्ट धरला म्हणून फायनलला उतरू द्या असं गावातली मोठी मंडळी म्हणत होती, मी नाही उतरवला. सामना हरलो. गावात बरेच दिवस बोलणी खाल्ली पण पुन्हा तसा प्रसंग आला तरी मी हेच करीन.

मीनल_पी

एक विचारू का? हे १८९९ म्हणजे दक्षिणेत वंशभेदाचा काळ. या टीममध्ये, या कॉलेजमध्ये कृष्णवर्णीय होते का? सगळं इतकं गौरवानं चाललंय म्हणून विचारते.

नीरजा_टेनेसी

मीनल, विचारायलाच हवं होतं कुणीतरी, बरं झालं तू विचारलंस.

विद्यार्थ्यांत एकही नव्हता. हे कॉलेज १८५७ मध्ये दक्षिणेतल्या बिशपांनी स्थापन करायचं ठरवलं ते गुलामगिरीवर उभ्या असलेल्या समाजासाठीच. त्यातला एक प्रमुख, बिशप लिओनिडास पोक, यादवी युद्धात कॉन्फेडरेट, म्हणजे दक्षिणेच्या बाजूचा, जनरल झाला आणि मारला गेला. १८६० ला बसवलेला कोनशिलेचा दगड १८६३ ला उत्तरेच्या सैनिकांनी उडवून दिला. कॉलेज प्रत्यक्ष सुरू झालं १८६८ ला, नऊ विद्यार्थी घेऊन. गेल्या काही वर्षांत कॉलेजनं स्वतःच रॉबर्सन प्रोजेक्ट म्हणून या इतिहासाचा शोध घेणं सुरू केलंय, जुन्या पाट्या, नावं यांची फेरतपासणी होतेय. ते मला मोलाचं वाटतं.

आणि त्या २१ जणांच्या दौऱ्यात कॅल बरोज नावाचा एक कृष्णवर्णीय माणूस होता. त्याचं काम खेळाडूंचं अंग रगडणं, मालीश, दुखापती बघणं. चार सामने खेळून पोरं सहाव्या दिवशी पाचव्याला उभी राहिली त्यात त्याच्या हातांचा वाटा किती असेल हे हाडवैद्यच सांगू शकतील. त्याचं नाव विक्रमाच्या यादीत शेवटी येतं, किंवा येतच नाही.

हाडवैद्य

खूप मोठा वाटा. सलग सामन्यांत स्नायू मोकळे करणारा माणूस नसेल तर तिसऱ्या दिवशी धावताच येत नाही. बरोजचं नाव कॅप्टनच्या शेजारी यायला हवं.

पाटणकर_७२

एसईसीत तर पहिला कृष्णवर्णीय फुटबॉल खेळाडू १९६७ ला उतरला, केंटकीचा नेट नॉर्थिंग्टन. म्हणजे आपण ज्या कॉन्फरन्सचा मान गमावला म्हणून हळहळतोय तिनं ३४-३५ वर्षं दार बंद ठेवलं होतं. हेही लक्षात असू दे.

अटलांटाची_सई

मी जॉर्जिया टेकची. सवानीनं १८९९ ला आमच्याही ३२-० ठोकल्यात, माझा निषेध नोंदवा.

बाकी ३२२ विरुद्ध १० मधले ते १० कुणाचे? ऑबर्नचे. थँक्सगिव्हिंगचा सामना, माँटगमरीत, सवानी ११ ऑबर्न १०. ऑबर्नचा कोच कोण? जॉन हाइजमन, ज्याच्या नावानं आज कॉलेज फुटबॉलच्या सर्वोत्तम खेळाडूला हाइजमन ट्रॉफी देतात. त्याच्या टीमनं त्या दिवशी सवानीला जवळजवळ लोळवलं होतं आणि सामन्यानंतर पंचांच्या निर्णयांवरून पेपरात जाहीर भांडण झालं. मग दोनच दिवसांनी सवानीनं अटलांटात नॉर्थ कॅरोलायनाला ५-० हरवून सीझन संपवला. हाच हाइजमन पुढे आमच्याकडे आला आणि १९१६ ला कंबरलँड कॉलेजला २२२-० असं हरवलं. दोनशे बावीस. छोट्या कॉलेजांचं काय व्हायचं याचं ते दुसरं टोक.

कोकणी_मेवा

२२२-०??? कॅरमचा स्कोअर आहे का हा?

ह्यूस्टनकर

सगळं वाचलं. हाडवैद्य, मीनल, पाटणकर यांचे मुद्दे मान्य. पण मूळ प्रश्नावर माझं म्हणणं अजून तेच आहे आणि आता जरा सविस्तर मांडतो.

सवानीनं स्पोर्ट्स स्कॉलरशिप बंद केल्या म्हणजे नेमकं काय केलं? टेनेसीच्या खाणीतल्या मजुराचा, अलाबामातल्या कुळाचा दणकट पोरगा फुटबॉलच्या जोरावर फुकट कॉलेज शिकायचा, ती वाट बंद केली. डिव्हिजन तीनमध्ये खेळासाठी एक डॉलरही देता येत नाही. मग तिथे कोण खेळणार? ज्याच्या बापाला प्रायव्हेट कॉलेजची फी परवडते तो. खेळ शुद्ध ठेवायचा म्हणून गरिबाला बाहेर ठेवायचं, हे हौशीपणाचं सोवळं मला पटत नाही. माझ्या कंपनीत दोन जण आहेत जे फक्त फुटबॉलमुळे इंजिनियर झाले, घरात त्यांच्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं.

ओहायोची_वहिनी

ह्यूस्टनकर, मुद्दा जोरदार आहे पण एक बाजू सुटली. मी ओहायोतल्या एका छोट्या प्रायव्हेट कॉलेजच्या ॲडमिशन ऑफिसात काम करते, आमचंही फुटबॉल डिव्हिजन तीनचं. खेळासाठी पैसे देता येत नाहीत, पण घरच्या परिस्थितीवर आणि मार्कांवर मदत देता येते आणि ती भरपूर देतात. छापील फी पूर्ण भरणारी मुलं आमच्याकडे फार कमी.

दुसरं, जे बाहेर कुणाला माहीत नसतं. आज बऱ्याच छोट्या कॉलेजांना फुटबॉल हवंय ते ट्रॉफीसाठी नाही, विद्यार्थी यावेत म्हणून. मुलांची, म्हणजे मुलग्यांची, संख्या घटतेय. एक फुटबॉल टीम काढली की शंभरेक मुलगे ॲडमिशन घेतात, जे एरवी आलेच नसते, आणि ते फी, हॉस्टेल, मेस सगळ्याचे पैसे भरतात. स्कॉलरशिप नसल्यामुळे कॉलेजच्या खिशातून जाण्याऐवजी येतात. म्हणून गेल्या पंधरा-वीस वर्षांत कितीतरी छोट्या कॉलेजांनी नव्यानं फुटबॉल सुरू केलंय. कोचना अक्षरशः आकडा दिलेला असतो की इतकी मुलं आणा. यातही वाईट गोष्टी आहेत, पहिल्या वर्षी शंभर आलेल्यांतले कितीतरी दुसऱ्या वर्षी टीम सोडतात, मग कॉलेजही. पण टीव्हीचं फुटबॉल आणि हे फुटबॉल यांचं अर्थशास्त्रच उलटं आहे.

रुळावरून

हे फार माहितीपूर्ण लिहिलंत वहिनी. यावर वेगळा धागा काढा.

पाटणकर_७२

सोडणाऱ्यांचा विषय निघालाय तर शिकागो विद्यापीठाचं उदाहरण हवंच, ते छोटं नाही पण गोष्ट जवळची. बिग टेन या दुसऱ्या मोठ्या कॉन्फरन्सचं संस्थापक, एमोस अलोन्झो स्टॅग तिथला कोच, पहिली हाइजमन ट्रॉफी १९३५ ला त्यांच्याच जे बेरवँगरला. आणि १९३९ ला अध्यक्ष रॉबर्ट हचिन्सनी फुटबॉल बंदच करून टाकलं, विद्यापीठाचं काम शिकवणं आहे म्हणून. रिकाम्या पडलेल्या स्टॅग फील्डच्या स्टँडखाली १९४२ च्या २ डिसेंबरला भौतिकशास्त्रज्ञ फर्मीनं पहिली अणुसाखळी प्रक्रिया घडवली. १९६९ ला फुटबॉल परत आलं, आता तेही डिव्हिजन तीन. आणि डिव्हिजन तीनच्या फायनलचं नाव काय? स्टॅग बोल.

सवानी आणि शिकागो यात फरक हाच की शिकागोनं आधी खेळ मारला, सवानीनं तो वाचवला.

कऱ्हाडची_लेक

आणि सेंटर कॉलेज विसरू नका! केंटकीतलं डॅनव्हिल, काही शे पोरांचं कॉलेज, १९२१ ला हार्वर्डला हार्वर्डच्या मैदानात ६-० हरवलं. बो मॅकमिलिन धावत जाऊन टचडाउन. कॅम्पसमध्ये एका इमारतीवर सी-सहा-एच-शून्य असं रंगवून ठेवलंय, मी नवऱ्याला केमिस्ट्रीचा फॉर्म्युला ओळख म्हणून विचारलं होतं, तो बिचारा विचार करत बसला. सवानी आणि सेंटर आज एकाच कॉन्फरन्समध्ये खेळतात.

शाम_बोरिवली

या निमित्तानं, आपल्याकडेही या खेळाची लीग झाली होती, कुणाला आठवते का? २०१२ मध्ये इलीट फुटबॉल लीग ऑफ इंडिया. पुणे मराठाज आणि मुंबई ग्लॅडिएटर्स अशा टीम होत्या, आणि पहिला सीझन पुणे मराठाजनी जिंकला, फायनलला दिल्ली डिफेंडर्स ६-०. सामने खेळवले मात्र कोलंबोत. बरीच पोरं रग्बी, कबड्डी, ॲथलेटिक्समधून आलेली. नंतर सगळं विरून गेलं. टीव्हीचे पैसे आधी आणि शाळा-कॉलेजांत खेळ नंतर, असं उलटं बांधलं की दुसरं काय होणार.

विसूभाऊ

पुणे मराठाज चॅम्पियन होते?! पुण्यात राहून हे मला आज कळतंय. आणि पुणेकरांनी पाटी लावली नाही कुठे?

अण्णा सातारकर

शाम यांचं शेवटचं वाक्य मला पटलं. नीरजा, तू मूळ प्रश्नाकडे ये बाई आता. सोडायचं ठरवलं कुणी आणि सोडल्यावर काय झालं? हरतच राहिले का?

नीरजा_टेनेसी

येते अण्णा, त्यासाठीच थांबले होते.

सोडायचं ठरवलं अलेक्झांडर गेरी यांनी. सवानीत प्रमुखाला व्हाइस-चान्सलर म्हणतात, ते १९३८ ला त्या पदावर आले. स्वतः सवानीचे माजी विद्यार्थी, खेळाडू माणूस, खेळाचा तिटकारा असलेला नव्हे. त्यांनी बघितलं की मोठ्या सरकारी विद्यापीठांकडे हजारो विद्यार्थी, मोठी स्टेडियम, पगारी कोचांचा ताफा, आणि आपली काही शे पोरांतून निवडलेली टीम दर आठवड्याला त्यांच्यापुढे उभी करायची, ती मार खाणार, तिचे खेळाडू मोडणार, आणि हे कशासाठी तर दुसऱ्यांच्या मैदानात तिकिटाचा वाटा मिळावा म्हणून. १८९९ ला सगळीच कॉलेजं लहान होती, टेक्सासही. टेक्सास वाढलं, सवानीनं वाढायचं नाही असं ठरवलं, वर्ग लहान ठेवायचे, डोंगरावरच राहायचं. मग फुटबॉल एकट्यानं कसं वाढणार होतं?

आणि सोडल्यावरचं ऐका. युद्धाच्या काळात फुटबॉल थांबलं, १९४६ ला पुन्हा सुरू झालं, स्कॉलरशिपशिवाय. १९५७ ला शर्ली मेजर्स कोच म्हणून आले, ते तिथे १९७७ पर्यंत राहिले. टेनेसीचा प्रसिद्ध जॉनी मेजर्स, ज्यानं पिट्सबर्गला कोच म्हणून १९७६ ची राष्ट्रीय चॅम्पियनशिप मिळवून दिली, त्याचे हे वडील. शर्ली मेजर्सच्या हाताखाली सवानी १९५८ आणि १९६३ अशी दोन वर्षं एकही सामना न हरता खेळलं. म्हणजे एसईसीत आठ वर्षांत कॉन्फरन्सचा एक सामना न जिंकलेलं कॉलेज, आपल्या बरोबरीच्यांशी खेळायला लागल्यावर अजिंक्य. प्रयोगशाळेत शिकणारी, परीक्षेला बसणारी पोरं होती ती. हे लोकांना माहीतच नसतं कारण १८९९ ची गोष्ट सांगून झाली की सगळे उठून जातात.

ह्यूस्टनकर, तुमचा गरीब मुलांचा मुद्दा मला खरंच भिडला आणि ओहायोच्या वहिनींनी उत्तर दिलं तरी तो पूर्ण सुटत नाही हे मी मान्य करते. घरच्या परिस्थितीवरची मदत तेव्हा आजच्याइतकी नव्हती. १९४० मध्ये काही मुलांची वाट नक्की बंद झाली असणार. पण एसईसीत राहिले असते तर मला दोनच शक्यता दिसतात, एक तर आणखी वीस-पंचवीस वर्षं मार खाऊन एका दिवशी खेळच बंद, शिकागोसारखा, किंवा टीमसाठी कॉलेज वाकवायचं. गेरींनी दोन्ही टाळलं. आज शनिवारी सवानीत गेलात तर मैदानावर खेळणारा पोरगा सोमवारी वर्गात बसलेला असतो, आणि १८९१ पासून त्या गावात फुटबॉल आहे. व्हँडरबिल्टशी पहिला सामना त्याच वर्षी झाला, तो हरले होते.

ह्यूस्टनकर

शर्ली मेजर्सचं मला माहीत नव्हतं, हे भारी आहे. तरीही मी माझ्या जागेवर. सवानीसाठी निर्णय बरोबर असेल, पण त्यावरून स्कॉलरशिप वाईट असं कुणी म्हणू नये एवढंच. आणि एक गंमत सांगतो, १८९९ ला सवानीनं हरवलेल्या बारांपैकी जॉर्जिया, टेनेसी, टेक्सास, ए अँड एम, एलएसयू, ओल मिस, ऑबर्न असे सात जण आज एसईसीत आहेत. सातही जणांवर एकाच सीझनमध्ये विजय, आणि बाहेर कोण तर सवानी.

अटलांटाची_सई

टुलेन आणि आम्हीपण होतो की एसईसीत, साठच्या दशकात बाहेर पडलो. म्हणजे नऊ धरा.

मीनल_पी

ऑक्टोबरमध्ये नॅशव्हिलला येतेय भावाकडे. तिथून किती लांब आहे हे? सामना आणि @रुळावरून यांचा ट्रेल एका दिवसात होईल का?

रुळावरून

नॅशव्हिलहून दीड तास धरा. सकाळी लवकर निघून ट्रेलचा सवानी-माँटईगल टप्पा चालून घ्या, तो सपाट डांबरी आहे, मग दुपारचा सामना. पठारावर खालच्यापेक्षा गारठा असतो, स्वेटर घ्या.

अण्णा सातारकर

नीरजा, शेवटचा प्रश्न. ते तीन प्रयत्नांत पाच यार्ड म्हणालीस, माझा नातू म्हणतो चार प्रयत्नांत दहा. हे बदललं कधी?

नीरजा_टेनेसी

नातू आजचं सांगतोय अण्णा. १९०६ ला तीन प्रयत्नांत दहा यार्ड केले, घोळक्यातली ढकलाढकली कमी व्हावी, खेळ मोकळा व्हावा म्हणून, पासला परवानगीही त्याच वर्षी. पण मग कुणाला गुणच करता येईनात, म्हणून १९१२ ला चौथा प्रयत्न दिला आणि टचडाउनचे सहा गुण केले. नातवाला विचारा कुठली टीम बघतो ते.

अण्णा सातारकर

विचारलं. अलाबामा म्हणाला.

ह्यूस्टनकर

अण्णा, त्याला माझ्याकडे पाठवा.